पहिल्या क्रमांकाचे पाठभेद

सन २००० मध्यें बीटल्स या जगद्विख्यात इंग्रज गायकवृंदाच्या निवडक गाण्यांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचें नांव एवढेंच: 'वन', म्हणजे एक. इंग्लंडांत अथवा अमेरिकेंत लोकप्रियतेच्या यादींत जीं गाणीं पहिल्या स्थानीं पोंचलीं तेवढींच घ्यावयाचीं, असा संग्राहकांचा नियम होता. आणि त्या नियमानें २७ गाणीं त्यांत आलीं. या २७ गाण्यांत 'प्लीज प्लीज मी' हें गाणें मात्र नाहीं. जानेवारी १९६३ मध्यें निघालेल्या याच तबकडीनें लिव्हरपूलच्या या चार तरुणांचें नांव साऱ्या इंग्लंडांत दुमदुमलें. त्या वर्षीं हिंवाळ्याच्या अखेरीस 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस', 'मेलडी मेकर' किंवा 'डिस्क' यांपैकीं कोणतेंहि साप्ताहिक उघडून पाहणारास हें गाणें पहिल्या स्थानावर छापलेलें दिसलें असतें. बी. बी. सी. आपल्या श्रोत्यांस जी यादी ऐकवीत असे तींतहि तें पहिलेंच होतें. मग तें गळालें कोठें?

याचें उत्तर एका पुस्तकांत आहे, आणि त्या पुस्तकाच्या पद्धतीचें परीक्षण करणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. १९७७ सालीं लंडन येथें 'द गिनेस बुक ऑफ ब्रिटिश हिट सिंगल्स' हा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला. गीतकार टिम राइस, त्यांचे बंधु जो राइस, आणि नभोवाणीवरील निवेदक म्हणून ख्याति पावलेले पॉल गॅम्बाचिनी व माइक रीड हे त्याचे चार संपादक. ग्रंथांत निवेदन जवळजवळ नाहींच. गायकाचें नांव, गाण्याचें नांव, यादींत प्रथम आल्याची तारीख, गांठलेला सर्वोच्च क्रमांक आणि यादींत काढलेले आठवडे, एवढाच मजकूर हजारों ओळींतून मांडलेला आहे. असा ग्रंथ कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीत नाहीं. त्यांत शोधतात, आणि सांपडलें कीं वाद मिटला असें समजतात. पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि वृत्तपत्रांतील मृत्युलेखांपासून नभोवाणीवरील प्रश्नोत्तरांपर्यंत सर्वत्र त्याचाच आंकडा प्रमाण मानला जाऊं लागला.

आता या ग्रंथकारांनीं केलें तें असें. १९५२ च्या नोव्हेंबरपासून १९६० च्या मार्चपर्यंत त्यांनीं 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस'ची यादी घेतली, आणि तेथून पुढें 'रेकॉर्ड रिटेलर' या दुकानदारांसाठीं निघणाऱ्या पत्राची. या दुसऱ्या यादींत 'प्लीज प्लीज मी' दुसऱ्या क्रमांकावरच राहिलें. पहिल्या जागेवर फ्रँक आयफील्ड यांचें 'द वेवर्ड विंड' होतें. ग्रंथांत एकच आंकडा छापावयाचा असल्यामुळें तो २ असा छापला गेला. बाकीच्या याद्या खोट्या आहेत असें ग्रंथकार कोठें म्हणाले नाहींत. त्यांनीं त्या नुसत्या छापल्या नाहींत. परंतु जें छापलें नाहीं तें घडलेंच नाहीं, अशी पुढच्या पिढीची समजूत होण्यास एवढें पुरेसें झालें.

असल्या विषयास वाङ्मयीन मासिकांत जागा कां द्यावी, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर असें कीं, ज्या ग्रंथावर लाखों लोक इतिहास म्हणून विश्वास ठेवतात त्या ग्रंथाचें संपादन चिकित्सेस पात्र असतें, मग त्याचा विषय आदिपर्व असो वा तीन मिनिटांचें प्रेमगीत असो. शिवाय या वादांत एक प्रश्न गुंतलेला आहे तो हलका नाहीं. समाजाला काय आवडलें हें कोण मोजतो, कोणाच्या दाराशीं जाऊन मोजतो, आणि कोणाचें दार तो चुकवितो?

प्रथम या याद्या होत कशा हें पाहूं. १९५२ पूर्वीं इंग्लंडांत गाण्याची लोकप्रियता मोजावयाची ती स्वरलिपीच्या छापील कागदांच्या खपावरून. गाणें कोणी म्हटलें यास तेथें महत्त्व नव्हतें. तें किती जणांनीं आपल्या पियानोवर वाजविण्यासाठीं विकत नेलें हें पाहिलें जाई. 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस'चे पर्सी डिकिन्स यांनीं अमेरिकन पत्रांच्या धर्तीवर तबकड्यांच्या खपाची यादी काढण्याचें मनांत घेतलें. डिकिन्स यांचें पत्रांतील मुख्य काम जाहिराती मिळविण्याचें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पन्नासांहून कांहीं अधिक दुकानदारांनीं माहिती देण्याचें कबूल केलें, आणि त्यांपैकीं सुमारें २० जणांस टेलिफोन करून यादी सिद्ध झाली. १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकांतील ही पहिली यादी नांवाला १२ क्रमांकांची आहे. पण तींत तबकड्या १५ आहेत, कारण कांहीं ठिकाणीं दोघांना एकच क्रमांक देऊन गणति पुढें चालविली आहे. तींत अग्रस्थानीं अ‍ॅल मार्टिनो यांचें 'हिअर इन माय हार्ट' आहे. इंग्लंडच्या इतिहासांतील पहिलें 'पहिल्या क्रमांकाचें' गाणें म्हणून त्याची आज सर्वत्र नोंद होते. ही नोंद म्हणजे विसेक दुकानदारांची टेलिफोनवरून घेतलेली साक्ष होय, हें मात्र नोंदींत नसतें.

दुकानदारास विचारीत तो बहुधा विक्रीचा क्रम. तबकड्यांची संख्या नव्हे. क्रमास गुण द्यावयाचे आणि गुणांची बेरीज करावयाची, अशी ही रीत होती. समजा, लंडनच्या मोठ्या पेठेंतील एका दुकानांत एखादी तबकडी ५०० गेली आणि खेड्यांतील एका दुकानांत दुसरीच कोणती तरी २० गेली. दोघीहि आपापल्या दुकानांत पहिल्याच. या रीतीनें दोघींना गुण सारखे मिळतात. यांत दुकानदाराची स्मृति, त्याची घाई, आणि न खपलेला माल खपविण्याची त्याची इच्छा हींहि मिळवावीं. यादींत नांव आलें कीं गिऱ्हाईक तीच तबकडी मागतें, हें त्याला आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होतें. ताप मोजण्याची नळी जर स्वतःच अंगाला ऊब देऊं लागली तर ती किती विश्वसनीय राहील, याचा वाचकांनींच विचार करावा.

'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस'चा अंक यादीमुळें खपूं लागला हें पाहून इतरांनींहि त्याच मार्गानें जाण्याचें ठरविलें. १९५५ मध्यें 'रेकॉर्ड मिरर', १९५६ मध्यें 'मेलडी मेकर', १९५८ मध्यें 'डिस्क' आणि १९६० च्या मार्चमध्यें 'रेकॉर्ड रिटेलर' अशा एकामागून एक याद्या निघाल्या. प्रत्येकाचीं दुकानें निराळीं, गुण देण्याची रीत निराळी, माहिती गोळा करण्याचा दिवसहि एक नाहीं. एकाच गाण्याचा क्रमांक या चार-पांच ठिकाणीं जुळला असता तरच आश्चर्य! यांतली 'रेकॉर्ड रिटेलर'ची यादी ५० गाण्यांची, म्हणजे सर्वांत लांब. ग्रंथकारांना ती आवडण्याचें कारण मुख्यतः हेंच. ओळी जितक्या अधिक तितका ग्रंथ भरगच्च. परंतु लांबी हा सत्यतेचा पुरावा होत नाहीं. हिचा आरंभ सुमारें ३० दुकानांच्या आधारावर झाला, आणि त्या काळांत 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस' व 'मेलडी मेकर' हे प्रत्येकी शंभराहून अधिक दुकानांची माहिती घेत होते. तीस दुकानांच्या जबानीवरून पन्नासावें गाणें कोणतें हें सांगणें म्हणजे गांवच्या चार विहिरी पाहून जिल्ह्याचें पर्जन्यमान दशांशापर्यंत काढण्यासारखें आहे.

या गोंधळांत बी. बी. सी.नें एक मध्यम मार्ग काढला. एकावर विश्वास ठेवून दुसऱ्याचा रोष ओढवून घेण्यापेक्षां १९५८ पासून तिनें निरनिराळ्या याद्यांची सरासरी काढून तीच श्रोत्यांस ऐकविण्यास प्रारंभ केला. सरासरीच्या अंगीं एक दिसाऊ न्याय असतो. चार साक्षीदार चार वेळा सांगत असतील तर त्या चार वेळांची सरासरी काढून गुन्हा त्याच क्षणीं घडला असें ठरविणाऱ्या न्यायाधीशास आपण काय म्हणूं? तरीहि दहा वर्षें हें चाललें. मग १९६८ च्या ऑगस्टमध्यें या सरासरीनेंच आपली शोभा करून घेतली. त्या आठवड्याची बेरीज केली तों बी जीज यांचें 'आय हॅव गॉटा गेट अ मेसेज टु यू', बीच बॉइज यांचें 'डू इट अगेन' आणि हर्ब अ‍ॅल्पर्ट यांचें 'धिस गाय्ज इन लव्ह विथ यू' हीं तिन्ही गाणीं समान गुणांनीं पहिल्या क्रमांकावर आलीं. एका सिंहासनावर तीन राजे! ज्या संस्थेच्या शब्दावर देशांतील तरुण मंडळी आठवड्याचे पैसे खर्च करीत, तिला हें परवडण्यासारखें नव्हतें. पुढल्याच वर्षीं, १९६९ च्या फेब्रुवारींत, बी. बी. सी. व 'रेकॉर्ड रिटेलर' यांनीं मिळून 'ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरो' या संस्थेकडे काम सोंपविलें. सुमारें ३०० दुकानांत नोंदवह्या ठेवून, विकलेली तबकडी त्यांत टिपून, त्या वह्या टपालानें मागविण्याची व्यवस्था झाली. संख्या मोजण्याचा खरा प्रयत्न इंग्लंडांत येथून सुरू होतो.

तो निर्दोष होता असेंहि नाहीं. कोणत्या दुकानांत वही आहे हें तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांस लवकरच कळलें, आणि त्या दुकानांवर त्यांच्या प्रतिनिधींची विशेष मर्जी दिसूं लागली. १९८० मध्यें 'वर्ल्ड इन अ‍ॅक्शन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमानें हा प्रकार चव्हाट्यावर मांडला. १९८३ पासून गॅलप या संस्थेनें वहीच्या जागीं विद्युत्‌यंत्रें आणलीं. 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस' व 'मेलडी मेकर' या दोन साप्ताहिकांनीं मात्र आपल्या स्वतंत्र याद्या १९८८ पर्यंत सोडल्या नाहींत.

यामुळेंच १९७७ चा तो प्रसिद्ध वाद उद्भवला. योगायोग असा कीं, आमच्या परीक्षणाचा विषय झालेला ग्रंथ याच वर्षाचा. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव जूनमध्यें साजरा होत होता, आणि सेक्स पिस्टल्स या उद्दाम तरुणांनीं राष्ट्रगीताचेंच नांव देऊन 'गॉड सेव्ह द क्वीन' हें राजसंस्थेची टर उडविणारें गाणें बाजारांत आणलें. बी. बी. सी.नें तें वाजविण्याचें नाकारलें. कांहीं मोठ्या दुकानांनीं तें विकण्याचें नाकारलें. उत्सवाच्या त्या आठवड्यांत 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस'च्या यादींत तें पहिलें होतें आणि बी. बी. सी.च्या यादींत दुसरें. तेथें पहिल्या स्थानीं रॉड स्ट्यूअर्ट होते. भिंतीवर यादी लावणाऱ्या कांहीं दुकानांनीं दुसऱ्या क्रमांकापुढें नांवाऐवजीं कोरी जागा ठेवली. राणीच्या उत्सवांत अपशकुन नको म्हणून आंकडे फिरविले गेले, असा संशय तेव्हांपासून बोलून दाखविला जातो. तो सिद्ध झालेला नाहीं, आणि सिद्ध न झालेला संशय आम्ही निर्णय म्हणून वाचकांपुढें ठेवणार नाहीं. दुष्ट हेतु गृहीत न धरतांहि एवढें स्पष्ट आहे कीं, जीं दुकानें ती तबकडी ठेवीतच नव्हतीं त्यांच्याकडून तिच्या विक्रीची नोंद येणें शक्य नव्हतें. नमुन्यांत अशीं दुकानें किती होतीं यावर पहिला व दुसरा यांतील अंतर अवलंबून राहिलें. ग्रंथांत या साऱ्याचा अवशेष राहिला तो पुन्हां तोच आंकडा: २.

ही अवस्था इंग्लंडचीच होती असें मात्र नव्हे. ज्या अमेरिकेकडून डिकिन्स यांनीं ही कल्पना घेतली, तेथें 'बिलबोर्ड' या पत्रानें तबकड्यांच्या विक्रीची देशव्यापी यादी १९४० च्या जुलैंतच सुरू केली होती. त्या पत्राच्या बाजूनें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत तें दुकानांतील विक्रीची एक, नभोवाणीवर वाजणाऱ्या गाण्यांची दुसरी, आणि नाणें टाकून गाणें ऐकविणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्रांची तिसरी, अशा तीन याद्या एकाच अंकांत शेजारीं शेजारीं छापीत असे. या तिघींत पहिलें गाणें पुष्कळदां निरनिराळें असे, आणि वाचकाला ती विसंगति न वाटतां माहिती वाटे. विकत घेणारा, ऐकणारा आणि उपाहारगृहांत नाणें टाकणारा हे तीन निराळे लोक आहेत, हें त्यानें निमूटपणें मान्य केलें होतें. १९५८ च्या ऑगस्टमध्यें 'हॉट हंड्रेड' ही एकत्रित यादी निघाली, आणि पहिल्या क्रमांकाचें एकच उत्तर देण्याची सोय झाली. सोय झाली हें खरें. ज्ञान वाढलें असें आम्हांस वाटत नाहीं.

'बिलबोर्ड'चें प्रतिस्पर्धी पत्र 'कॅश बॉक्स' हें १९४२ मध्यें नाण्याच्या यंत्रांच्या व्यापाऱ्यांसाठीं निघालें. १९५० नंतरच्या दशकांत त्याची दृष्टीच वेगळी होती. एक गाणें चार गायकांनीं म्हटलें असेल तर चौघांची विक्री मिळवून तें गाण्याला एकच स्थान देई. म्हणजे गीत हा त्याचा विषय, गायक नव्हे. यांत चूक कोणाची? इंग्लंडांत १९५३ च्या डिसेंबरमध्यें 'आन्सर मी' हें एकच गीत फ्रँकी लेन व डेव्हिड व्हिटफील्ड या दोघांच्या दोन तबकड्यांनीं जोडीनें पहिल्या स्थानीं होतें. गायक मोजला तर तेथें दोन विजेते आहेत. गीत मोजलें तर एकच आहे, आणि तो दोघांच्या बेरजेइतका मोठा आहे. दोन याद्यांत फरक पडतो तो पुष्कळदां मोजणाराच्या हलगर्जीपणामुळें नव्हे, तर दोघे निरनिराळ्या वस्तु मोजीत असतात म्हणून. इतर वेळीं मात्र दोन्ही पत्रें एकच वस्तु मोजीत असूनहि उत्तर निराळें येई. किंग्समेन यांचें 'लुई लुई' १९६४ च्या आरंभीं 'कॅश बॉक्स'मध्यें पहिलें झालें आणि 'बिलबोर्ड'मध्यें दुसऱ्या स्थानापुढें सरकलें नाहीं.

बीटल्सच्या त्याच संग्रहांतील एक गंमत येथें सांगण्यासारखी आहे. १९६७ सालीं त्यांनीं एका तबकडीच्या एका अंगावर 'पेनी लेन' व दुसऱ्या अंगावर 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' काढलें. 'मेलडी मेकर'नें ती पहिली ठरविली. 'रेकॉर्ड रिटेलर'मध्यें ती दुसरी राहिली, कारण तेथें एंगलबर्ट हंपरडिंक यांचें 'रिलीज मी' सहा आठवडे हलावयास तयार नव्हतें. (या भारदस्त नांवाच्या गृहस्थांचा जन्म आपल्या मद्रासचा, १९३६ सालचा, ज्या क्लिफ रिचर्ड यांचीं नांवें या जुन्या याद्यांत पानोपानीं दिसतात ते लखनौचे. इंग्रज गेले, पण जातांना याद्यांची सोय करून गेले असें म्हणावयास हरकत नाहीं.) अमेरिकेंत 'बिलबोर्ड' तबकडीच्या दोन अंगांची गणति स्वतंत्र करी, तेथें 'पेनी लेन' पहिलें आलें, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आलें नाहीं. परिणाम असा कीं, २००० सालच्या संग्रहांत एका तबकडीचें एक अंग आहे व दुसरें अंग नाहीं. इंग्लंडांत ज्यांनीं ती विकत घेतली त्यांनीं तर दोन्ही अंगांस मिळून एकदांच पैसे दिले होते!

परंतु अमेरिकेच्या याद्यांतील जो भाग आम्हांस खरोखर विचार करावयास लावतो तो याहून निराळा आहे. कृष्णवर्णीय समाजांत खपणाऱ्या गाण्यांची स्वतंत्र यादी 'बिलबोर्ड' १९४२ पासून निरनिराळ्या नांवांनीं छापीत आलें होतें. ३० नोव्हेंबर १९६३ पासून २३ जानेवारी १९६५ पर्यंत, म्हणजे सुमारें १४ महिने, ती यादी त्यानें बंद ठेवली. दोन्ही समाजांच्या आवडी आतां एक झाल्या आहेत, तेव्हां वेगळी गणति कशाला, असा युक्तिवाद यामागें करतां येतो. आणि त्या दोन याद्यांत तेव्हां बरींच गाणीं सामाईक दिसत होतीं हेंहि खरें. पण काळ पहा. वॉशिंग्टनचा मोठा मोर्चा ऑगस्ट १९६३ मधला, नागरी हक्कांचा कायदा जुलै १९६४ मधला. ज्या १४ महिन्यांत त्या समाजाकडे साऱ्या देशाचें लक्ष लागलें होतें, नेमक्या त्याच महिन्यांत त्याच्या वस्तींतल्या दुकानांत काय खपत होतें याची 'बिलबोर्ड'च्या पानांवर नोंद नाहीं. ती नोंद आज मिळते ती 'कॅश बॉक्स'मध्यें, कारण त्यानें आपली यादी चालू ठेवली होती. पुढील अभ्यासकांना हा खड्डा भरावयाचा म्हणजे या प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या अंकांकडेच वळावें लागतें. 'बिलबोर्ड' तेवढें प्रमाण आणि बाकीचीं रद्दी, असें कोणी ठरवून टाकलें असतें तर काय गमावलें असतें हें यावरून दिसेल.

१९९१ सालीं 'बिलबोर्ड'नें दुकानदाराला विचारणें सोडून, विक्रीच्या मेजावर तबकडीच्या वेष्टनावरील रेघा यंत्रानें वाचून संख्या घेण्यास सुरुवात केली. मोठ्या संग्रहांच्या यादीस ही रीत मे महिन्यांत लागू झाली आणि एकेका गाण्याच्या यादीस नोव्हेंबरअखेर. तत्क्षणीं ग्रामीण वळणाचीं 'कंट्री' गाणीं, कर्कश 'मेटल' संगीत आणि कृष्णवर्णीय तरुणांचें 'रॅप' हीं वर उसळलीं. जूनमध्यें कॉम्प्टन गांवच्या एन. डब्ल्यू. ए. या मंडळींचा संग्रह अग्रस्थानीं गेला. त्यांचें गाणें नभोवाणीवर जवळजवळ वाजतच नसे. हे गिऱ्हाईक मे महिन्यांत एकाएकीं जन्मास आले नव्हते. ते पूर्वींहि दुकानांत येत होते, पैसे देत होते, तबकड्या नेत होते. टेलिफोनवर विचारल्यावर दुकानदाराला त्यांची आठवण होत नव्हती, इतकेंच.

आपल्याकडे या शास्त्राचा अभ्यास निराळ्या नांवानें फार दिवस चालत आला आहे. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढें १९०९ मध्यें राजवाड्यांनीं एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत छापली, आणि दोहोंचे पाठ ताडून पाहण्यांत आमच्या पंडितांच्या पिढ्या गेल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. तींत मूळ पाठ वर आणि शेंकडों पोथ्यांतील भेद खालीं, अशी मांडणी आहे. गिनेसच्या ग्रंथकारांनीं हाती आलेल्या पांच पोथ्यांपैकीं पानें जास्त असलेली एक पोथी उचलली, तिचा पाठ छापला, आणि खालचें तळटीपेचें सदरच काढून टाकलें, असें कोणी पाठचिकित्सक म्हणेल. बी. बी. सी.नें पांचहि पोथ्यांतील शब्द मिसळून सहावीच पोथी लिहिली, असेंहि तो म्हणेल.

हें साम्य एका ठिकाणीं तुटतें, आणि तेथेंच खरी अडचण आहे. पोथ्या कितीहि भ्रष्ट असल्या तरी त्यांच्या मागें कोणी एका कवीचा मूळ ग्रंथ होता अशी आपली श्रद्धा असते. १९६३ च्या याद्यांच्या मागें असा मूळ ग्रंथ नाहीं. त्या आठवड्यांत इंग्लंडांतील साऱ्या दुकानांतून कोणती तबकडी किती गेली याची एकंदर गणति कोणी केलीच नव्हती. म्हणून 'खरा' पहिला क्रमांक कोठें तरी दडलेला आहे व चिकित्सेनें तो हाती लागेल, ही आशा व्यर्थ आहे. अलीकडे कांहीं अभ्यासक गिनेसवर रुष्ट होऊन 'न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस' किंवा 'मेलडी मेकर' हींच प्रमाण धरावीं असा आग्रह धरतात. दुकानें जास्त म्हणून त्यांची साक्ष अधिक वजनदार, हें आम्हांस मान्य आहे. पण एक मूर्ति उठवून तेथें दुसरी बसविण्यानें देवळाचा प्रश्न सुटत नाहीं.

ज्या ग्रंथाची एकच पोथी सांपडते त्यास पाठभेद नसतात. म्हणून तो शुद्ध ठरत नाहीं. आपल्या देशांत 'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनवरून ३ डिसेंबर १९५२ रोजीं, म्हणजे डिकिन्स यांच्या यादीनंतर अवघ्या तीन आठवड्यांनीं सुरू झाली. दुकानांतील खप आणि श्रोत्यांचीं पत्रें व त्यांचे संघ यांच्या आधारें अमीन सयानी आपल्या त्या मधुर वाणीनें गाण्यांच्या पायऱ्या सांगत, आणि मुंबईपासून खेड्यापाड्यांपर्यंत तोच निकाल मानला जाई. तिच्या तोडीची दुसरी यादी नसल्यामुळें वाद झाला नाहीं. इंग्लंडच्या रसिकांजवळ निदान भांडण तरी आहे.

तर मग ग्रंथकारांनीं करावयास काय हवें होतें? एकच आंकडा हवा हा हट्ट सोडणें एवढेंच. या ग्रंथाच्या ओळी अशा आंखलेल्या आहेत कीं, क्रमांकाच्या रकान्यांत आणखी दोन-तीन आंकडे सहज मावतील. 'प्लीज प्लीज मी'पुढें 'रेकॉर्ड रिटेलर २. न्यू म्यूझिकल एक्स्प्रेस १, आयफील्डच्या जोडीनें. मेलडी मेकर १. डिस्क १' असें छापलें असतें तर वाचकाला कळलें असतें कीं, तीस दुकानांच्या आधारावर निघालेली यादी एका बाजूला आहे आणि तिच्याहून पुष्कळ अधिक दुकानांच्या साक्षी दुसऱ्या बाजूला. आमचा कौल येथें दुसऱ्या बाजूस आहे. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'विषयीं आम्ही इतक्या निश्चयानें बोलणार नाहीं, आणि 'गॉड सेव्ह द क्वीन'विषयीं तर मुळींच नाहीं. सुकथनकरांनीं महाभारताच्या आवृत्तींत जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ छापली आहे. 'गॉड सेव्ह द क्वीन'च्या ओळींतील त्या २ या आंकड्याखालीं तशी एक रेघ हवी होती.